मोर्च्याची कॅसेट
जुन्या व्हिडिओ कॅसेटचा कोंदट, गोडसर वास आला की मला भिलाईतली एक दुपार आठवते. व्हिडिओकलेच्या प्रदर्शनासाठी मी तेव्हा गावोगावी जुनी चित्रणं शोधत फिरत होते, आणि तिथल्या कारखान्यातल्या एका मराठी क्लार्कने त्याच कारखान्याच्या ठेका मजुरांचा मोर्चा आपल्या गच्चीवरून टिपल्याचं कळलं होतं. पडदे ओढलेल्या क्वार्टरमध्ये त्यांनी कॅसेट लावली. आवाज उमटतच नव्हता; विटक्या निळसर उजेडात बाया पाण्यातून चालल्यासारख्या तरंगत येत होत्या. ते चहाचं पाहायला आत गेले, तशी त्यांची बायको माझ्याकडे झुकली. "थे हिरव्या लुगड्यातली मीच हाओ, बाई. ह्यायच्या नौकरीच्या भेवानं ह्यायले सांगतलंच नाही. भाजी आनाले जातो म्हनून गेली होती." निघताना ते फाटकापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "हिरवं लुगडं दिसलं नं तुमाले? माहा कॅमेरा पुरा वेळ तिच्यावरच होता. तिले सांगू नका, उगाच भेईन थे." त्या कॅसेटवर मी पुढे पुष्कळ लिहिलं, हे मात्र, दोघंही गेल्यावर, आज पहिल्यांदा लिहिते आहे.