सहेरीची पावडर

आर्णी गावाला कहकशां पहिल्यांदा लक्षात आली, ती वडिलांच्या गॅरेजात मोटारसायकलचं इंजिन एकटीनं उचलताना. पुढे ती वेटलिफ्टिंग शिकली.

जिल्ह्याच्या संघाची निवड ईदनंतर होती. वजनगट चुकू नये म्हणून रमजानमध्ये तिनं सहेरीची, म्हणजे रोज्याआधीची, भाकर आणि तुरीची डाळ सोडली. नुसती प्रोटीन पावडर दुधातून घेऊ लागली. थोड्याच दिवसांत पोट गच्च झालं. बार उचलताना कळ यायची. निवड हातची जाते की काय, या धास्तीनं तिनं डॉक्टर गाठले.

"पावडर वाईट नाही," ते म्हणाले, "पण आतड्यातल्या जंतूंना डाळी-भाकरीचा चोथा लागतो. तो नसला, की ते न पचलेल्या प्रोटीनवर जगतात आणि पोट बिघडतं."

हे ऐकून अम्मी हुस्नाबी म्हणाल्या, "म्हंजे तुह्या पोटातल्या किड्यायलेबी माही भाकर पाह्यजे. तुलेच नको! काहून वं?"

कहकशांला हसू आलं. दुसऱ्या दिवशीच्या सहेरीपासून तिनं पावडर अर्धी केली आणि डाळ-भाकर पुन्हा सुरू केली. निवडीपर्यंत पोट शांत झालं होतं.

सध्या ती जिल्ह्याच्या संघातून खेळते.