बंद फोनातला आवाज

मुलुंडची श्रुतिका इंजिनिअरिंगला होती. बंद पडलेल्या फोनमधले फोटो, रेकॉर्डिंग काढून देऊन ती स्वतःची फी भरायची. एकदा शेजारच्या जानकीकाकू वारलेल्या काकांचा फोन घेऊन आल्या. त्यांना फक्त काकांचा आवाज हवा होता. तीन दिवसांच्या खटपटीनंतर एका कॉलचं रेकॉर्डिंग मिळालं.

"जानकी, बांगडे घेव काय सुरमय?"

"काय ता घेवा, पण लवकर येवा."

काकूंनी ते चारदा ऐकलं आणि डोळे पुसले.

"मग काकांनी काय आणलं?" श्रुतिकाने विचारलं.

"कोथिंबीर," काकू म्हणाल्या. "तुझे किती झाले?"

"पाचशे."

"एकच निघालं ना गं? चारशे घे."

श्रुतिकाने चारशे घेतले आणि रेकॉर्डिंग काकूंच्या मोबाईलवर रिंगटोन म्हणून लावून दिलं.