कांद्याचा भाव आणि आमची मतं

मी अकरावीत होते, तेव्हा मला मतदानाचा हक्क नव्हता, पण पक्ष होता. वडिलांचा होता, तोच माझा. आई नाशिकमध्ये कॉलेजच्या मुलांना डबे पुरवायची. कांदा स्वस्त झाला की वडील बातम्या बघताना म्हणायचे, "बघ, सरकारला गरिबांची काळजी आहे." मला ते सहज पटायचं, कारण त्या दिवसांत आईचा चेहरा खुललेला असायचा.

वर्गात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण लासलगावजवळच्या खेड्यातली, होस्टेलवर राहायची. एकदा सरांनी विचारलं, "कांद्याची निर्यात बंद करावी का?" मी उभी राहून ठणकावलं, "करायलाच हवी!"

ती ताडकन उठली. "तुझ्या घरी कांदा विकत आणतात, म्हणून तू असं बोलतेस."

"आणि तुझ्या घरी पिकतो म्हणून तू!"

वर्ग हसला. आमचं बोलणं मात्र बंद झालं. बऱ्याच दिवसांनी तीच जवळ आली. "पप्पा सोमवारी कांदा घेऊन लासलगावच्या मार्केटला जाणारेत. तू येतेस? बघ तरी."

घरी विचारलं, तर वडील म्हणाले, "कशाला?" आई म्हणाली, "मी पण जाते हिच्याबरोबर."

बाजार समितीत ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या होत्या. व्यापाऱ्यांचा घोळका तिच्या वडिलांच्या ट्रॉलीपाशी थांबला. कोणी दोन कांदे दाबून पाहिले, कोणी आकडे ओरडले, आणि बघता बघता सगळे पुढच्या ट्रॉलीकडे सरकले.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," मैत्रीण म्हणाली. "अख्ख्या हंगामाचं काम."

भाव काही चांगला मिळाला नव्हता. तरी तिच्या वडिलांनी आम्हाला आग्रहानं चहाला नेलं. आई म्हणाली, "भाऊ, खरं सांगू? भाव चढला की मी तुम्हा शेतकऱ्यांच्या नावानं बोटं मोडते."

ते हसले. "आन् पडला की आमी तुमा शहरवाल्यांच्या."

"पण माझ्याकडे डबा खाणारी पोरं कुठली आहेत माहितीये? निफाडची, चांदवडची, नांदगावची. गावाकडे भाव पडला की पहिला माझा डबा बंद करतात."

त्यांनी कप खाली ठेवला. "मंग ताई, आपलं भांडण नेमकं हाय कोणाशी?"

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आईकडे. राजकारणावर बोलताना मोठी माणसं अशी अडलेली मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला ते फार आवडलं.

रात्री जेवताना मी हे सगळं सांगू लागले, तर वडील म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?"

"तिनं बघितलंय," आई म्हणाली. "बोलू द्या."

वडिलांनी टीव्हीचा आवाज कमी केला. त्यांना पटलं नाही, पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग पुढे कधी कधी स्वतःहून विचारायला लागले, "तुझी मैत्रीण काय म्हणते यावर?"

पहिल्यांदा मत देऊन मी बाहेर आले, तेव्हा ते शाळेच्या फाटकापाशी थांबले होते. "कोणाला दिलंस?"

"नाही सांगणार."

क्षणभर त्यांचा चेहरा पडला. मग ते मोठ्यानं हसले आणि मला उसाचा रस पाजायला घेऊन गेले.

मैत्रीण आता कृषी महाविद्यालयात आहे. सध्या तिच्या गावाजवळून जाणाऱ्या नव्या रस्त्यावरून आमचं फोनवर जोरदार भांडण चालू आहे. मला रस्ता हवासा वाटतो, तिला नाही. येत्या शनिवारी मी तिच्या गावी राहायला जाणार आहे. रस्त्यात कोणाची जमीन कुठून कुठपर्यंत जाते, ते ती मला बांधावरून चालत दाखवणार आहे.