झेंडू कोणाच्या साइडचा?

आधीच माफी मागतो. माझं शिक्षण नववीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्द साधेच असतील, समजून घ्या. आमच्या शेगावच्या लॉजवर पाहुणे मोबाईलचे चार्जर विसरून जातात आणि ते काउंटरच्या खणात साठत राहतात. कोणता कोणाचा ते कळत नाही, फेकवतही नाही. आमच्या सर्वरचे किस्से तसेच साठलेत. त्यातले थोडे सांगतो.

लॉजच्या जिन्याखाली एक खोली आहे. तिथे सर्वर आहे, म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर सगळ्या खोल्यांचं बुकिंग चालतं तो. तो सांभाळायचं काम माझं. मोबाईलच्या दुकानात बसून मी ते शिकलो. बुकिंगचं सॉफ्टवेअर मात्र अकोल्याच्या एका कंपनीचं. त्यांचा सपोर्टवाला म्हणजे अभिजित सर. वय माझ्याएवढंच, पण पुण्याला कोर्स केलेला. त्याच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. माझ्या गळ्यात पाण्याच्या टाकीची किल्ली!

* * *

सॉफ्टवेअर अडकलं की मी अभिजितला फोन लावायचो. उत्तर ठरलेलं. "आमच्या साइडनं ओके आहे. तुमच्या साइडनं बघा." तुमची साइड म्हणजे मशीन, विंडोज, वायर, लाइट आणि मी.

हे ऐकून ऐकून झाडू-पोछा करणाऱ्या शांतामावशीनं तो शब्द उचलला. एकदा एक पाहुणा अंगाला साबण लावलेला तसाच ओरडत बाहेर आला, नळाला पाणी नाही म्हणून. मावशी शांतपणे म्हणाली, "माह्या साइडनं बादली ओके हाय, भाऊ. पाण्याचं गोपालले इचारा!"

गोपाल म्हणजे मी.

* * *

एकदा अभिजितनं फोनवर विचारलं, "विंडोजचे पॅच मारले का?"

फोन स्पीकरवर होता आणि आमचे मालक, शेठ, बाजूलाच बसले होते. त्यांचा पहिला धंदा पंक्चर काढायचा. ते एकदम ताठ झाले. "पॅच? मशीन तं नवी घेतली ना बे आपण! पंक्चर कवा झाली?"

मी समजावलं, की विंडोजमध्ये भोकं सापडतात, त्यातून चोर आत शिरतात, म्हणून वरून थिगळं येतात. ती लावणं आपलं काम.

"आन् या कंपनीवाल्यायच्या सॉफ्टवेअरमधी भोक असलं तं?"

"ते कंपनीचं काम, शेठ."

शेठनं फोनकडे तोंड केलं. "काहो अभिजित सर, तुमची ट्यूब कवा पाण्यात बुडवून पाह्यली का?"

तिकडून फोन कट!

* * *

दसऱ्याला शेठ सर्वरची पूजा करतात. हळद, कुंकू, झेंडूचा हार. एका वर्षी हार नेमका पंख्याच्या जाळीवर आला. पाकळ्या आत ओढल्या गेल्या, पंखा अडकला, मशीन तापून बंद. काउंटरवर सणाची गर्दी, आणि कोणती खोली रिकामी ते कोणालाच माहीत नाही!

अभिजित म्हणाला, "हार्डवेअर ही तुमची जबाबदारी." मी म्हटलं, "तापलं तर तुमच्या सॉफ्टवेअरनं आधी सांगायला नको?" तो म्हणाला, आमच्यात तशी सोय नाही. मी म्हटलं, आमच्यात झेंडूची सोय आहे. असं बराच वेळ चाललं.

शेवटी शेठनं हात जोडले. "ते सारं राहू द्या. झेंडू कोणाच्या साइडचा, तेवढं सांगा!"

* * *

अभिजित लॉजवर आला की शेठ गरम कचोरी मागवतात. एकदा मी टेबलाखाली पालथा पडून वायर शोधत होतो. वरून शेठचा आवाज आला, "गोपाल, पाय घे रे आत. सरायची प्लेट ठेवाची हाय."

मी पाय घेतले. वायर सापडली. कचोरीचा वास खाली छान येतो.

* * *

काउंटरवर रेणुका बसते. माझ्याशी बोलायची ती अशी: "गोपाल, टाकी वाहून राह्यली ना रे, दिसत नाई का तुले?" आणि अभिजितशी: "सर, आपल्याला चहा आणू का?" मला 'तुले', त्याला 'आपल्याला'! मला वाटायचं, त्याला केवढा मान! आपल्या वाट्याला फक्त टाकी. फार जळायचो.

मग एक दिवस ती डबा उघडून त्याला म्हणाली, "तुमाले ठेचा चालते काय?"

तुमाले! म्हणजे थेट घरच्या बोलीत! त्या दिवशी कळलं, आधीचंच बरं होतं. मी जेवलो नाही. मावशीनं विचारलं, "काऊन रे, पोट दुखते का?" मी मान डोलावून 'हाव' म्हणालो.

* * *

मग कंपनीनं शेठला सांगितलं, सर्वरचं सगळं काम आम्हीच अकोल्याहून बघू, इथे माणूस लागणार नाही. म्हणजे जिन्याखालची खोली गेली, मी कायमचा टाकीवर! शेठ म्हणाले, मंदिराच्या उत्सवाची गर्दी ओसरली की ठरवू.

करारात एक वाक्य होतं, सर्वरची सुरक्षा ही दोन्ही पक्षांची सामायिक जबाबदारी. शेठनं ते दोनदा वाचलं. "सामायिक म्हंजे आमच्या गावच्या विहिरीवानी. पाणी दोघंबी काढतात, गाळ कोणीच काढत नाई!"

उत्सवात अभिजित लॉजवरच मुक्कामाला आला. एक दिवस सकाळपासून तो दिसला नाही. मला वाटलं, अकोल्याला परत गेला. तेवढ्यात काउंटरचा फोन वाजला. रेणुका वर खोली दाखवायला गेली होती, म्हणून मी उचलला.

"कंपनीतून अभिजित बोलतोय. तातडीचं काम आहे. सर्वरचा पासवर्ड सांगतोस का पटकन?"

मी कोणाशी मोठ्यानं बोलत नाही. पण त्या दिवशी काय झालं, काय माहीत. "पासवर्ड पाह्यजे? तुमाले कचोरी पाह्यजे, सर्वर पाह्यजे, ठेचाबी पाह्यजे, आन् आता पासवर्ड? माह्याजवळ तेवढंच उरलं हाय! नाई देत, जा!"

फोन आपटून वळलो, तर मागे अभिजित उभा. खांद्यावर टॉवेल.

"कोणाशी भांडत होतास रे?"

"तुमच्याशीच," मी म्हटलं.

तो हसला. मग हसायचा थांबला. त्यानं भराभर फोन लावले. त्याच्या नावानं आणखी काही लॉजवरही फोन गेले होते. एका लॉजनं पासवर्ड दिला होता. तिथलं सगळं बुकिंग कुलूपबंद झालं होतं आणि बाया-माणसं पिशव्या घेऊन पायऱ्यांवर बसली होती. कंपनीचे ग्राहक कोण, सपोर्टला कोण येतो, हे चोराला बरोबर माहीत होतं. ते कंपनीतूनच फुटलं असणार. "हे आमच्या साइडनं झालं," अभिजित हळूच म्हणाला. आमचा पासवर्ड तरी काय, लॉजचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन! चोरानं फोन न करता नुसता अंदाज केला असता तरी जमलं असतं.

शेठनं दोघांना समोर उभं केलं. "गोपाल जिन्याखालीच राहीन. आन् पासवर्डाचे दोन तुकडे करा. आर्धा याचा, आर्धा त्याचा. एकट्यानं उघडलंच नाई पाह्यजे!"

* * *

संध्याकाळी आम्ही दोघं सर्वरसमोर बसलो. आधी अभिजितनं पहिल्या चौकटीत त्याचा शब्द टाकला, मी भिंतीकडे तोंड केलं. मग मी दुसऱ्या चौकटीत माझा टाकला, त्यानं भिंतीकडे तोंड केलं. कोणाचं नाव टाकलं ते इथे लिहिणं बरं नाही. अभिजितनं बटण दाबलं.

स्क्रीनवर लाल अक्षरं आली. इंग्रजीत होती, पण तेवढं मलाही वाचता येतं. एकच शब्द दोनदा चालणार नाही.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. काउंटरवरून रेणुका ओरडली, "काय झालं हो? काय आलं?"

"काही नाही!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"उद्या बघू," अभिजित म्हणाला आणि जिना चढून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळीला गेला तसा मी खाली आलो, पहिल्या चौकटीत माझा तोच शब्द टाकला आणि त्याची वाट पाहत खुर्चीवर बसून राहिलो.