शिंपी गल्लीची कौलं

गल्लीच्या तोंडाशीच मी थांबले. ओल्या चुन्याचा वास येत होता. दोन्ही बाजूंच्या भिंती पांढऱ्याशुभ्र, उंबऱ्यांना हळद, प्रत्येक दारासमोर सडा-रांगोळी. माझ्या गळ्यात ऑफिसचा कॅमेरा होता. त्या दिवशी मला मोडकळीला आलेल्या घरांचे फोटो काढायचे होते.

"ये पोरी, ये," अंबाजीअण्णा गळ्यातली टेप सावरत बाहेर आले. "कशी झाली गल्ली? चार दिवस सगळे लागलेत. सरकारी पाहणी म्हणजे काय चेष्टा आहे?"

"अण्णा, हे काय करून ठेवलंत?"

"का? नीळ जास्त पडली काय?"

आतून त्यांची बायको, सरोजक्का, ओरडली, "मी सांगत होते! मुलगी बघायला येत नाहीत, घर बघायला येतायत. ऐकतात कुठे!"

मी हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण हसले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळुरूतल्या घरबांधणीच्या एका सरकारी ऑफिसात मी असिस्टंट प्लॅनर होते. आमचं काम सोप्या शब्दांत सांगते. शहरात एखादी वस्ती राहण्याच्या लायकीची उरली नसेल, तर सरकार तसं जाहीर करतं. त्याला आम्ही 'डिक्लेअर करणं' म्हणायचो. डिक्लेअर झाल्याशिवाय तिथली घरं पाडून नवी बांधायला कर्ज मिळत नाही. त्यासाठी नकाशावर वस्तीभोवती लाल रेघ ओढायची, रेघेच्या आतलं प्रत्येक घर तपासायचं, आणि ते मोडकळीचं आहे हे दाखवायचं. घरं तपासून रिपोर्ट लिहिणं हे माझं काम. रेघ कुठून न्यायची ते साहेब ठरवायचे.

आमच्यापुढे आली होती ती आटलेल्या तळ्यातली वस्ती. पत्र्याची, ताडपत्रीची घरं, मधून वाहणारं गटार. तिला मोडकळीची म्हणायला कुणाच्या रिपोर्टची गरज नव्हती. अडचण दुसरीच होती. कर्ज देणारी मंडळी दिल्लीची. त्यांचा पहिला प्रश्न, हप्ते कोण भरणार? तळ्यातली माणसं रोजंदारीवर जगणारी. त्यांच्या भरवशावर कुणी कर्ज देत नव्हतं.

माझे साहेब मूर्तीसर. त्यांनी नकाशावरची लाल रेघ खोडरबरानं पुसली आणि जराशी रुंद करून पुन्हा ओढली. आता तळ्याच्या काठावरची शिंपी गल्ली आत आली.

"सर, ही घरं चांगली आहेत," मी म्हटलं.

"म्हणूनच घेतली. मोडकी घरं कर्ज मिळवून देतात, चांगली घरं कर्ज फेडतात. आपल्याला दोन्ही पाहिजेत."

"पण चांगली घरं मोडकी कशी दाखवायची?"

"ते तू बघ. तुझीच माणसं आहेत ना? मी गेलो तर कुणी कॉफीसुद्धा विचारणार नाही."

माझीच माणसं, हे खरं होतं. आमच्यासारखी मराठी घरं या शहरात कित्येक पिढ्यांपासून आहेत. आमच्या मराठीत निम्मं कन्नड, पुण्याचा पाहुणा आला की तोंडावर हात धरून हसतो. मी राजाजीनगरात वाढले. माझ्या शाळेचे सगळे युनिफॉर्म अंबाजीअण्णांनी शिवलेले. स्कर्टच्या घेराला खाली चांगलं वीतभर कापड दुमडून ठेवायचे. "वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षी उसवून लांब करू," म्हणायचे. माझा एकेक स्कर्ट तीन वर्षं चालायचा.

घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. पुढची खोली दुकानाची. तिथं पायाची शिलाई मशीन, भिंतीला लागून शाळांच्या युनिफॉर्मचे गठ्ठे. मागे दोन खोल्या आणि न्हाणी. वर मंगळुरी कौलं. गल्लीला उणीव दोनच गोष्टींची होती. नळ एकच, कोपऱ्यावरचा, आणि संडास सगळ्यांना मिळून दोन. सरोजक्काचे गुडघे गेले होते. पहाटे तिथं रांगेत उभं राहणं तिला जमेना झालं होतं.

मी तिथंच बोट ठेवलं.

"अक्का, घरात नळ येईल. घरात संडास येईल. दोन मजली पक्की इमारत, खाली दुकान."

अण्णा मशीनवरून उठले नाहीत. "सगळं बरोबर. पण आमच्या गल्लीला स्लम म्हणणार तुम्ही?"

"नाव फक्त कागदावर, अण्णा. इमारत झाली की नाव जातं."

"किती दिवस राहतं?"

"दोन-तीन वर्षं."

"तू सांगतेस?"

"मी सांगते."

त्यांनी दाताने दोरा तोडला. "सरी, चालेल. मग गल्लीला मी सांगतो."

गल्ली त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. सगळ्यांनी सह्या केल्या. आणि मी फोटो काढायला येणार म्हणून सगळ्यांनी मिळून चुना फासला.

त्या दिवशी मी फोटो मागच्या बाजूने काढले. न्हाणीच्या पाण्याने पोपडे आलेल्या भिंती, तळ्याकडे उघडणारी मोरी, पडलेलं एक कुंपण. पुढची बाजू एकाही फोटोत येऊ दिली नाही. निघताना अण्णांना बाजूला घेतलं.

"दिल्लीची माणसं पावसाआधी पाहणीला येतील. तोवर आता घराला काही करू नका. चुना नको, डागडुजी नको. आणि या वर्षी कौलं परतू नका."

कौलं परतणं म्हणजे काय, हे आता स्लॅबच्या घरात वाढलेल्यांना सांगावं लागतं. दर वर्षी पावसाआधी सगळी कौलं उतरवतात, फुटकी बदलतात, खालच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे रिपा, तपासतात, किडलेल्या काढून नव्या ठोकतात. मग कौलं पुन्हा बसवतात. कौलारू घर टिकतं ते यामुळेच.

"एक वर्ष नाही परतली तर काय होतं," मी म्हटलं. "नाहीतरी पाडायचीच आहेत."

पाहणी पुढे गेली. पाऊस आला. अण्णा छत्री घेऊन ऑफिसात आले. माझ्या टेबलाशी उभे राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. धोतर भिजलं होतं.

"आता परतू का गं? मागची खोली गळायला लागलीय. शाळेचं कापड आहे आत."

या ठिकाणी मी 'परता' म्हणू शकत होते. तेवढा एक शब्द. मूर्तीसरांना कळलंही नसतं. पण माझ्या मनात आलं, गळतं आहे तर दिल्लीवाल्यांना दिसू दे. असंच आलं. वेगळं काही लिहून माझी सुटका करून घ्यायची नाही.

"थोडं थांबा, अण्णा. येतीलच आता."

पुन्हा एकदा ते आले. पुन्हा मी तेच सांगितलं.

दिल्लीची माणसं भर पावसात आली. अण्णांच्या घरात बादल्या, पातेली मांडली होती. मशीनवर प्लास्टिक होतं. सरोजक्काने तशातही सगळ्यांना कॉफी दिली. पाहुण्यांपैकी एकाने वर बघून मान हलवली आणि मला म्हणाला, "व्हेरी गुड केस."

वस्ती डिक्लेअर झाली. ऑफिसात पेढे वाटले. मूर्तीसरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

मग कर्ज अडलं. तळ्याची जमीन एका खात्याची, आम्ही दुसरं खातं. दिल्लीवाले म्हणाले, आधी जमीन तुमच्या नावावर करून दाखवा. फाईल या खात्यातून त्या खात्यात गेली आणि तिथंच बसली. दोन-तीन वर्षं म्हणाले होते मी. तेवढी उलटली तरी जमिनीवर साधी खूणसुद्धा कुणी केली नव्हती.

कर्ज नाही आलं, पण डिक्लेअर झालेलं डिक्लेअरच राहिलं. त्या नावाबरोबर एक नियम येतो. लाल रेघेच्या आत आमच्या परवानगीशिवाय बांधकाम नाही, दुरुस्ती नाही. बँक त्या पत्त्यावर कर्ज देत नाही. अण्णांनी रिपा आणि कौलं बदलायच्या परवानगीसाठी अर्ज केला. मी तो घेऊन मूर्तीसरांकडे गेले.

"पाडायच्या घराला दुरुस्ती? ऑडिटवाले मला सोलतील," ते म्हणाले. "रिजेक्ट."

"सर, आपणच थांबवलं होतं त्यांना."

"आपण? तसं काही लेखी आहे?"

नव्हतं. नकाराचं पत्र मीच तयार केलं. कन्नडमध्ये, व्यवस्थित.

गवंडी लावले तर दिसतात. ते बघून आमचाच इन्स्पेक्टर आला असता. म्हणून पुढच्या पावसाआधी अण्णा स्वतःच शिडी लावून वर चढले. साठी उलटलेला माणूस. रिपा कुजून गेल्या होत्या. ते कौलांसकट आत, मागच्या खोलीत पडले. खुब्याचं हाड मोडलं.

हाड जुळलं, पण पाय पहिल्यासारखा चालेना. पायाची मशीन पायाने चालते. त्यांनी हाताची मशीन आणून बघितली, पण युनिफॉर्मचं काम त्या वेगाने होत नाही. शाळांनी काम जयनगरच्या एका मोठ्या दुकानाला दिलं. मी एकदा भेटायला गेले. कॉफी घेतली, पाच-दहा मिनिटं बसले आणि मीटिंग आहे सांगून निघाले. मीटिंग नव्हती.

दशक संपत आलं तेव्हा गल्लीने अर्ज दिला. आम्हाला लाल रेघेतून बाहेर काढा. नियमात तशी सोय होती. घरं चांगल्या स्थितीत आहेत असा रिपोर्ट आला तर तेवढा भाग वगळता येतो. तपासणीला मूर्तीसरांनी मलाच पाठवलं. "तूच आत घेतलीस, तूच बघ," म्हणाले. रिटायर व्हायला आले होते ते. त्यांना कशाचंच काही राहिलं नव्हतं.

मी गल्लीच्या तोंडाशी थांबले. या वेळी वास ओलीचा होता. एका बाजूची दोन घरं बसली होती. कुठे कौलांवर ताडपत्री, कुठे पत्रा. तळ्यातली वस्ती आणि गल्ली यांत फरक कुठे संपतो ते आता शोधावं लागत होतं. मी पूर्वी जे लिहिलं होतं ते प्रत्येक घराशी जुळत होतं. लिहिलं तेव्हा ते खोटं होतं.

अण्णा पुढच्या खोलीत खाटेवर होते. मशीन कोपऱ्यात, तिच्यावर कपड्यांचा ढीग.

"आलीस? बस. या वेळी चुना नाही लावला हां," ते म्हणाले. आणि हसले.

"अण्णा, घराची स्थिती..."

"मला दिसते की. ऐक. तू चांगल्याला वाईट लिहिलंस, आम्ही काही म्हटलं नाही. आता वाईटाला चांगलं लिही. एवढंच. नाव गेलं की बँक कर्ज देते म्हणतात. जावई बघतो म्हणतोय. घर उभं करतो."

"खोटं कसं लिहू, अण्णा?"

तोंडातून निघून गेलं. मग सरोजक्का दारात आली, गुडघा धरून.

"कसं लिहायचं ते तुला माहीत आहे की गं," ती म्हणाली. "मागच्या बाजूने फोटो नको काढूस. पुढून काढ."

मी मागून, पुढून, सगळीकडून फोटो काढले आणि जे होतं ते लिहिलं. घरं राहण्यास अयोग्य. भाग वगळण्यास पात्र नाही.

लोक म्हणतील, निदान शेवटी तरी खरं लिहिलंस. मीही बरीच वर्षं स्वतःला हेच सांगत होते. ते प्रामाणिकपण नव्हतं. त्या वर्षी माझं प्रमोशन होतं. रिपोर्टबरोबर फोटो जाणार होते, आणि फोटोत ताडपत्र्या दिसल्या असत्या. पहिल्यांदा खोटं लिहिलं तेव्हा पाठीशी साहेब होते. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं. भीती वाटली म्हणून खरं लिहिलं.

प्रमोशन झालं. गल्लीचा अर्ज फेटाळला. अण्णांना मुलीने आपल्याकडे नेलं, भाड्याच्या एका खोलीत. तिथंच ते गेले. मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही भाजी घेताना, दुसऱ्याकडून. सरोजक्काला भेटायला मी अजून गेलेले नाही. ती आहे की नाही, हेही मी कुणाला विचारलेलं नाही.

आमच्या ऑफिसात रिपोर्ट चुकीचा कधी ठरतो? जागेवर जाऊन बघितलं आणि जुळलं नाही तर. माझा रिपोर्ट जुळला. त्यामुळे माझ्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये शिंपी गल्लीबद्दल एकही शेरा नाही.

नवी मुलं-मुली ट्रेनिंगला येतात. मी त्यांना नियम शिकवते, रेघ ओढायला शिकवते. शेवटी एक गोष्ट सांगते, ती कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. पाहणीसाठी कुणाची दुरुस्ती थांबवू नका. तारीख आपली पुढे जाते, पाऊस त्यांच्या घरात येतो. मुलं लिहून घेतात. एकदा एकाने विचारलं, "मॅडम, असं कुठे झालं होतं का?"

मी म्हटलं, पुढचा नकाशा उघडा.