पाचशे सत्त्याहत्तर की चारशे?

दुबईला लोक सोनं घ्यायला जातात. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलो. कोल्हापुरात चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करण्यात घालवलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. ही गोष्ट यंदाची, नव्वदीचं दशक संपत आलेलं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने माझी बॅग उपसली, एकेक हत्यार उजेडात धरून पाहिलं आणि शेवटी फक्त लोणच्याची बरणी काढून घेतली.

बाहेर धाकटा भाऊ दिनकर उभा होता. माझ्याच हाताखाली शिकलेला दिनकर तिथे एका अरबाबाच्या (मालकाच्या) शिकारी बंदुका सांभाळतो. हा अरबाब जुलैत दिनकरला बरोबर घेऊन आफ्रिकेत रानरेड्यांच्या शिकारीला निघणार होता. त्याआधी दोन दुनळी रायफली मी तपासाव्यात, म्हणून तिकीट त्यानेच पाठवलं होतं. त्या दिवशी अल कुसैसमधल्या दिनकरच्या खोलीवर सुरमईचं कालवण आणि भात खाल्ला, आणि भाऊ मजेत आहे असं समजून झोपलो.

सकाळी त्याने मला अरबाबाच्या मजऱ्यावर (शेतघरावर) नेलं. खजुरीची झाडं, बकऱ्या आणि मागे नजर पोचेल तिथवर वाळू. दिनकरने रायफल उघडली आणि नळीतून आरपार बघू लागला. डाव्या डोळ्याने. मी त्याला उजव्याने बघायला शिकवलं होतं.

"उजव्याला काय झालं?"

"काय न्हाई."

"दिनकर."

"काचबिंदू हाय, दादा. उजवा खलास झाला. डाव्याचं बी कडंचं दिसत न्हाई." त्याने नळी पुसायला घेतली. "हितं कुणाला म्हाईत न्हाई. दोन वर्सं काढतो, मग येतो गावाकडं."

मी स्प्रिंगा तपासत बसलो.

या रायफलींचं एक आहे, त्यात काडतूस आधी ठरतं आणि बंदूक मागून बनते. एकाच काडतुसावर दोन्ही नळ्या अशा जुळवतात की दोन्ही गोळ्या एकाच जागी लागाव्यात. मनाला येईल ते काडतूस घालून चालत नाही. रायफलीला नाव पडतं तेही गोळीच्या जाडीच्या आकड्यावरून. अरबाबाकडची एक रायफल पाचशे सत्त्याहत्तरची, सहा किलोची, अंगठ्याएवढ्या जाड काडतुसाची. धक्का असा, की धडधाकट गडीही एक पाऊल मागे जावा. दुसरी चारशेची. आपल्याकडचे जुने शिकारी हीच वापरायचे. धक्का सोसवतो आणि नेम नीट असेल तर रेड्याला पुरते. खांदा बघून काडतूस घ्यावं, असं माझे उस्ताद म्हणायचे.

चाचणीला जाताना दिनकर हळूच म्हणाला, "दादा, तुला इचारलं तर मोठीच चांगली म्हन. पाया पडतो." मालकाची हांजी हांजी करायला सांगतोय असं वाटून माझं डोकं फिरलं.

अरबाब साठीचा, मृदू बोलणारा माणूस. त्याने स्वतः गहवा (बिनदुधाची कॉफी) ओतून दिला. पन्नास पावलांवर लाकडी फळीवर रेडा रंगवला होता. त्याने पाचशे सत्त्याहत्तर उचलली. पहिली गोळी रेड्याच्या खांद्यावर लागली. दुसरी दहा पावलांवर वाळूत घुसली. चाप ओढण्याआधी त्याने डोळे मिटले होते, ते मी पाहिलं.

"उस्ताद, सच बोलो," तो खांदा चोळत म्हणाला. "कौनसा ले जाऊं? दोस्त लोग बोलता है, बडा."

चाळीस वर्षांत बंदुकीबद्दल खोटं बोललो नव्हतो. म्हणालो, "शेखसाब, बडी बंदूक से आपको डर लगता है. इसलिए दुसरी गोली जमीन में गई. आप चारसौवाली ले जाओ."

त्याने रायफल खाली ठेवली. मग त्याने माझा हात हातात घेतला. "शुक्रन. इतना आदमी है, किसी ने नहीं बोला." आणि दिनकरकडे वळला. "छोटा मेरा. बडा तू पकडेगा, मेरे पीछे. जानवर मेरे ऊपर आया तो तू मारेगा. ठीक?"

"इन्शाल्ला, अरबाब," दिनकर म्हणाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. रेडा अंगावर आला तर त्याला थांबवायचं काम मोठ्या बंदुकीचं. ती अरबाबाने घेतली असती तर दिनकर धाकटी खांद्याला अडकवून नुसता मागे चालला असता. चाप त्याला ओढावाच लागला नसता. मी तोंड उघडलं. दिनकरने सगळी मान वळवून, त्या एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड मिटलं. परक्याचा खांदा सांभाळायला वळवळलेली जीभ भावाच्या डोळ्यापाशी लुळी पडली.

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना नुसती वाळू होती. मी म्हणालो, "अजून बी जाऊन सांगतो त्याला."

"सांगितलंस तर उद्याच घरी धाडंल."

"मग चल की घरी."

"आंधळा हून?" तो म्हणाला. चार दिवसांनी त्याने मला विमानतळावर सोडलं, पाया पडला आणि माझ्या बॅगेत खजुराचा डबा कोंबला.

मी घरी पोचलो त्या संध्याकाळी दिनकरची बायको आली. पदर सावरत दाराशीच उभी राहिली. "भावजी, कसं हायती ह्ये?"

"झकास," मी म्हणालो. "मालकाचा लई इस्वास हाय त्याच्यावर."

ती हसली. तिला सांगितलेलं दुसरं वाक्य तेवढं खरं आहे. तो विश्वास माझ्यामुळे वाढला, आणि त्याच विश्वासापायी माझा भाऊ जुलैत न दिसणाऱ्या रेड्यासमोर उभा राहणार आहे.