वहिनीने स्वतःला लावलेला शब्द

आमच्या गावचा किसन दूध घालायला रोज पुण्याला येतो, पण कॉलेजच्या फाटकाशी तो कधी आला नव्हता. त्या दुपारी टोपी हातात घेऊन तो तिथे उभा दिसला. "घरी चल. दादानं बोलावलंय," एवढंच म्हणाला. पौडच्या एसटीत बसल्यावर त्याने सांगितलं... पार्वतीवहिनी सकाळी गेली.

त्याला आता दीड महिना होत आला. मला असं लिहायची सवय नाही. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा वहिनीबद्दल लिहायचं तर मलाच लिहायला हवं.

मी पाचवीत असताना ती लग्न होऊन आमच्याकडे आली. तिची स्वतःची शाळा चौथीतच सुटली होती. मी पुण्याला गेल्यापासून दर शनिवारी घरी आलो की भाकरी थापता थापता ती विचारायची, "भावजी, ह्या आठवड्याला काय शिकला?" उगीच काहीतरी सांगून तिच्यापुढे भागत नसे. एकदा मी तिला 'इनकन्सिडरेट' हा शब्द सांगितला. वर्गात सरांनी समजावला होता तसाच... आपल्या वागण्याचं दुसऱ्याला काय सोसावं लागेल, हे ज्याच्या ध्यानातच येत नाही तो. अविचारी माणूस बहुधा स्वतःच्याच अंगावर ओढवून घेतो. ह्याचं मात्र दुसऱ्याला भोगावं लागतं.

"मंजी वाईट माणूस?" वहिनीने विचारलं.

"न्हाई. मनात वाईट नसतंय त्याच्या. निस्ता इचार करत न्हाई."

"मंजी तुमचे दादा. हंडाभर ऊन पाणी रोज एकटेच वतून घेत्यात."

दादा ओसरीवरून म्हणाला, "तिला असलं काय शिकवू नगं रं."

तो शब्द वहिनीने उचलला तो कायमचा. गुरांच्या वाड्याची झापडी उघडी टाकून जाणारी शेजारीण, ऐन जेवणाच्या वेळी पाहुणे घेऊन येणारे माझे मामा, सगळ्यांना तो लागला. घरात हसणं व्हायचं. मलाही बरं वाटायचं, माझं शिक्षण चुलीपर्यंत पोचतंय म्हणून.

आमच्याकडे भाताची लावणी सावडीने होते. आज सगळ्या बाया एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. एकीने अंग काढलं की कुणाची तरी लावणी मागे पडते. यंदा लावणीतल्या एका शनिवारी मी घरी आलो, तर वहिनी घोंगडी पांघरून चुलीला चिकटून बसलेली. दात वाजत होते. हात लावला तर अंग भाजत होतं.

"वैनी, उद्या जाऊ नगं. पौडला डाक्टरकडं जाऊ."

"उद्या सखुमावशीची लावणी हाय. आपल्या खाचरात तिनं कंबर मोडून घेतली. आन् मी घरी बसू? तुमीच सांगितला न्हवं का त्यो शब्द?"

"त्यो आजारी माणसाला लागत न्हाई, वैनी."

"कुटं लिवलंय तसं?" ती हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला.

आई म्हणाली, दादाही म्हणाला, पण सकाळी आम्ही उठायच्या आत ती इरलं घेऊन निघून गेली होती. अंग कसं आहे ते तिने बांधावर कुणालाच सांगितलं नाही. मला दुपारच्या एसटीने पुण्याला परतावं लागलं, पुढचं नंतर कळलं. दिवसभर ती चिखलात वाकून होती. संध्याकाळी पाय उचलेना, तेव्हा बायांना कळलं. बाजेवर घालून पौडला नेलं. डॉक्टर म्हणाले, छाती भरली आहे, फार उशीर झाला...

सखुमावशी दहाव्यापर्यंत आमच्या ओसरीवर येऊन बसायची.

गेल्या शनिवारी तण काढायची सावड आमच्याच खाचरापासून सुरू झाली. मी चहाची किटली घेऊन बांधावर गेलो होतो. बायांनी लुगडी खोचली, पण सखुमावशी कुणाला खाली उतरू देईना. एकेकीच्या मानेला ती हात लावून बघत होती.

"मला काय झालंय, मावशे?" एक तरणी पोरगी म्हणाली.

"गप उभी ऱ्हा."

माझ्या आईच्या मानेवर तिचा हात थोडा जास्त वेळ राहिला.

"तू घरी जा. तुजी पात मी धरते."

आई एरवी ऐकणारी नव्हे. त्या दिवशी तिने खोचलेलं लुगडं सोडलं आणि ती घराकडे वळली.